आधी चाक बसवा, मग तोला

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या मालेत परवा नाट्यसंगीत झालं, काल डॉक्टरांनी मधुमेहावर सांगितलं आणि आज तुमच्या नशिबी गाडीची चाकं आली आहेत. चिटणीसांचा फोन आला तेव्हा आम्ही विचारलं, "अहो, आमच्या हाताला ग्रीस, आम्ही कसलं व्याख्यान देणार?" ते म्हणाले, "रविवारी तुम्ही लोक त्या राहत्या गाड्यांखाली आडवे पडलेले असता ना, तेच सांगा." म्हणून आलो.

आम्ही म्हणजे खात्याच्या गॅरेजातले तिघे-चौघे. पॉलिटेक्निकची पदविका, मग सरकारी नोकरी, वीस-बावीस वर्षं जीपा आणि व्हॅनची निगराणी. रविवारी एका मित्राच्या शेडमध्ये जमतो. तिथे सल्ला फुकट देतो, पैसे घेत नाही. सरकारी नोकर आहोत, हे वाक्य उघड बोलून ठेवलेलं बरं.

राहत्या गाड्या गोव्याला नव्या नाहीत. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत युरोपातले तरुण १९६० आणि ७० च्या दशकांत जमिनीवरून इथवर येत. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि तो रस्ता बंद झाल्यासारखाच झाला. पण तोवर आपल्या किनाऱ्यावरच्या माडांखाली फोक्सवॅगनच्या डबा-गाड्या आणि मर्सिडीजच्या व्हॅन उभ्या राहिलेल्या लोकांनी पाहिल्या. आत बिछाना, स्टोव्ह, पाण्याची टाकी. आजही हिवाळ्यात अशा थोड्या गाड्या कार्नेच्या कागदपत्रांवर येतात, त्यांतल्या काही चाळीस-पन्नास वर्षांच्या असतात. आणि आता आपली मुलंही जुन्या व्हॅन घेऊन त्यांत घर बांधायला लागली आहेत. (आरटीओच्या परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत बदल करता येत नाही, हे त्यांना दर वेळी सांगतो. ती मान डोलावतात.)

अशाच एका मुलाची गाडी हा आजच्या बोलण्याचा गाभा आहे. आमच्याच वाड्यावरचा मुलगा. जुनी व्हॅन घेतली, कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. आत फळ्या, पलंग, छोटं कपाट, आजीच्या देवांसाठी कोनाडासुद्धा. बेत असा की आईवडिलांना आषाढीला चोर्ला घाटाने बेळगावमार्गे पंढरपूरला न्यायचं. पण गाडी साठ-पासष्टच्या वर गेली की स्टिअरिंग थरथरे, सीटखालून दणके येत. चार ठिकाणी व्हील बॅलन्सिंग केलं. चारही ठिकाणी मशीनने शून्य दाखवलं. तो म्हणाला, "काका, मशीन शून्य म्हणतंय, म्हणजे दोष आपल्या रस्त्यांचा." रस्त्यांना नावं ठेवायला आम्हीही पुढे असतो, पण थरथर ठरावीक वेगाला सुरू होत असेल आणि गुळगुळीत हायवेवरही होत असेल, तर ती गाडीतलीच असते.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या आजोबांच्या बैलगाडीचं चाक आठवा. मधोमध लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेर लोखंडी धाव, तुंब्यातून गेलेली आस. सुतार धावेकडे शेवटी वळायचा. आधी तुंब्याचं भोक आसेवर नीट बसतं का ते बघायचा. ते तिरकं असेल तर वरची धाव कितीही गोल असो, चाक हेलपाटतच चालणार. मोटारीतही हेच आहे. फरक एवढाच की बैलगाडी ताशी चार-पाच किलोमीटरने जाते आणि तिथे चूक खपते.

वेगात ती खपत नाही, याचं गणित पाहा. समजा, सोळा इंची रिमच्या कडेला एका बाजूला ५० ग्रॅम वजन जास्त आहे. ताशी ८० किलोमीटरला अशा व्हॅनचं चाक सेकंदाला साधारण दहा फेरे घेतं. तेवढ्या वेगात ते ५० ग्रॅम बाहेरच्या दिशेने सुमारे ४ किलोच्या जोराने ओढतात. म्हणजे सेकंदाला दहा वेळा चार किलोचा झटका. वेग निम्मा केला, ताशी ४० वर आणला, की जोर चौथ्या हिश्शावर, एका किलोवर येतो. म्हणूनच गावात फिरताना काही कळत नाही आणि हायवेला लागलं की गाडी अंगात आल्यासारखी करते. पुढच्या चाकाचा दोष बहुधा स्टिअरिंगला कळतो, मागच्याचा बसलेल्या माणसाच्या कमरेला.

मग मशीन काय करतं? चाक काढून तिच्या शाफ्टवर चढवायचं, मधल्या भोकात निमुळता कोन सरकवून मधोमध आणायचं, आवळायचं, फिरवायचं. जड बाजू कुठे आहे ते ती सांगते, आणि समोरच्या बाजूला, आतल्या किंवा बाहेरच्या कडेला, वजनाचा तुकडा ठोकायचा. आतली आणि बाहेरची कडा दोन्ही तोलाव्या लागतात, कारण चाक रुंद असतं. एका बाजूने वर जड आणि दुसऱ्या बाजूने खाली जड असेल तर स्थिर असताना ते तोललेलं भासतं, आणि फिरताना मात्र डावी-उजवीकडे डोलतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि आज फक्त तीच लक्षात राहिली तरी आमचा फेरा फुकट गेला असं आम्ही मानणार नाही. मशीन चाक तोलते ते *स्वतःच्या* शाफ्टभोवती. गाडीत ते चाक फिरतं हबभोवती. दोन्ही ठिकाणी चाकाचा मध्य एकच राहिला तरच त्या शून्याला अर्थ आहे.

काही चाकं हबच्या मधोमध पुढे आलेल्या गोल भागावर घट्ट बसतात. त्यांचा मध्य हब ठरवतो, नट फक्त दाबून धरतात. काही जुन्या गाड्यांच्या चाकांचं मधलं भोक नुसतं जागा मोकळी सोडण्यासाठी असतं, कधी ते नीट गोलही नसतं. तिथे मध्य ठरतो नटांच्या निमुळत्या किंवा गोलसर बुडाने. या दुसऱ्या प्रकारचं चाक मशीनवर मधल्या भोकात कोन घालून तोललं, तर ते भलत्याच मध्याभोवती तोललं गेलं. अशा चाकाला मशीनवर स्टडच्या भोकांतून धरणारी प्लेट लागते. ती बऱ्याच दुकानांत असते, कपाटावर धूळ खात. लावायला दहा मिनिटं जास्त जातात म्हणून कुणी काढत नाही.

केवढीशी चूक केवढी होते? टायरसकट ४० किलोचं चाक मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकलं, तर रिमच्या कडेला १०० ग्रॅमचा फरक पडल्यासारखं होतं. अर्धा मिलिमीटर म्हणजे लग्नपत्रिकेच्या जाड कागदाएवढा. वर टायरही तेवढाच वाकडा फिरतो, तो वेगळा. ते वजन लावून सुधारत नाही.

आमच्या मुलाच्या व्हॅनमध्ये नेमकं हेच होतं, फक्त उलट बाजूने. मूळ चाकं गंजली म्हणून त्याने भंगारातून दुसऱ्या गाडीची चाकं आणली होती. स्टडची संख्या तीच, अंतर तेच, हाताने लावली तर छान बसली. पण मधलं भोक हबच्या गोलापेक्षा दीड मिलिमीटरने मोठं. व्हॅनचे नट सपाट बुडाचे, म्हणजे मध्यावर आणणारं तिथे काहीच नाही. जॅकवर चाक लावताना ते आपल्या वजनाने खाली लोंबतं आणि पाऊण मिलिमीटर खाली राहूनच आवळलं जातं. पाऊण मिलिमीटर म्हणजे वरच्या हिशोबाने दीडशे ग्रॅम. मशीन खोटं बोलत नव्हती. तिच्या कोनावर ते चाक खरंच मधोमध होतं. दर वेळी काढून घातलं की नव्या जागी बसायचं, म्हणून थरथरही दर वेळी वेगळी.

थरथर हे फक्त लक्षण होतं. चाक गाडीला धरून राहतं ते नट चाकाला हबवर दाबतात त्या दाबामुळे, दोन पृष्ठभागांच्या घर्षणामुळे. स्टडनी कडेचा मार झेलायचा नसतो. दाब कमी झाला की चाक दर फेऱ्याला किंचित सरकतं, भोकं लांबट होतात, नट ढिले होतात, स्टड वाकत-वाकत थकतात. आम्ही डावीकडचं मागचं चाक काढलं तर भोकं अंडाकृती झाली होती आणि दोन स्टडच्या बुडाशी तडा होता. नखाला लागेल एवढा. बुरशी झटकावी तसं पुसून त्याला दाखवलं. तो बराच वेळ बोलला नाही. चोर्ल्याचा उतार आणि मागे झोपलेले आईवडील, एवढं त्याला दिसलं असावं.

आता जुळवणीचं. चाक बदलायचं तर निदान चार गोष्टी जुळायला हव्यात, आणि त्या टेपने नव्हे तर कॅलिपरने मोजा. पहिली, स्टडच्या वर्तुळाचा व्यास. चार, सहा, आठ स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर घ्या, झालं. पाच असतील तर समोर स्टडच नसतो. तिथे शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर घेऊन ०.५८८ ने भागा. ६७.२ मिलिमीटर आलं तर व्यास ११४.३. ६५.८ आलं तर ११२. पाहा, शेजारच्या स्टडमध्ये फरक फक्त १.४ मिलिमीटरचा. ढिल्या भोकांमुळे चाक चढतं, नटही लागतात आणि लावणाऱ्याला वाटतं जमलं. पण नट तिरके बसलेले असतात. "हाताने बसलं" हा पुरावा नव्हे.

किनाऱ्यावरच्या त्या फोक्सवॅगनचंच बघा. १९७० पर्यंतच्या डबा-गाडीला पाच बोल्ट २०५ मिलिमीटरच्या मोठ्या वर्तुळावर होते. १९७१ च्या मॉडेलपासून ते ११२ वर आले. बाहेरून दोन्ही गाड्या सख्ख्या बहिणी, पण एकीचं चाक दुसरीला चालत नाही. ११२ चं माप मर्सिडीजच्या अनेक गाड्यांचंही आहे, म्हणून हौशी लोक मर्सिडीजची चाकं या गाड्यांना लावतात. लावता येतात, पण बोल्टचं बूड बघावं लागतं. या गाड्यांचे बोल्ट गोल बुडाचे, चेंडूसारखे. बाजारातले बरेचसे सरळ निमुळते. गोल खळीत निमुळता बोल्ट घातला तर तो एका बारीक रेघेवर टेकतो. आवळताना पाना टणक लागतो, आणि दोनशे किलोमीटरवर तो ढिला. गोलाईसुद्धा गाडीगणिक बदलते. म्हणून दुसरी गोष्ट, नटाचं बूड.

तिसरी म्हणजे आटे. १२ मिलिमीटरच्या बारीक आट्याच्या स्टडवर अर्ध्या इंचाचा नट सैल-सैल चढतो. अर्धा इंच म्हणजे १२.७. चढताना फारच सुरळीत गेला तर आनंद मानू नका, संशय घ्या. आवळला की आटे सोलून येतात. काही जुन्या गाड्यांना, विलीज जीप हे त्यांतलं ओळखीचं उदाहरण, डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. ज्याला माहीत नाही तो पान्यावर उभा राहून, नाचून स्टड मोडतो. चौथी गोष्ट मधलं भोक, ते वर सांगून झालं.

याशिवाय रिमचा आणि टायरचा संबंध. यात जीव जातो, म्हणून इथे थोडं थांबतो. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ मध्ये एक राहती गाडी बांधली, जीएमसी मोटरहोम. पुढची चाकं ओढणारी, मागे हवेच्या सस्पेन्शनवर एकामागे एक अशी दोन-दोन चाकं, एकूण सहा. जुन्या राहत्या गाड्यांच्या शौकिनांत तिला आजही मोठा मान आहे. तिला साडेसोळा इंची रिम होती. पुढे त्या मापाचे टायर दुर्मीळ झाले आणि बहुतेकांनी सोळा इंची चाकं शोधली. चाक बदलणं ठीक. पण कुणी जुन्या साडेसोळाच्या रिमवर सोळाचा टायर चढवायला गेलं तर? तो चढतो, हीच पंचाईत. साडेसोळाच्या रिमची टायर टेकते ती जागा १५ अंशांच्या उताराची, सोळाची ५ अंशांची. टायर कडेला बसत नाही, माणूस "अजून थोडी हवा" म्हणत भरत राहतो, टायरच्या कडेतली तार तुटते आणि टायर फुटून उडतो. अशात माणसं दगावली आहेत. टायरच्या बाजूवर तशी ताकीद छापलेली असते. आपल्याकडच्या पंक्चरवाल्याकडे आयात केलेलं जुनं रिम कधी आलंच, तर रिमवर कोरलेला आकडा आधी वाचावा.

त्या गाडीला आठ स्टड, साडेसहा इंचाच्या वर्तुळावर, म्हणजे १६५.१ मिलिमीटर. फोर्डच्या १९९९ पासूनच्या जड पिकअपना आठच स्टड, पण १७० मिलिमीटरवर. हे पाच मिलिमीटर निदान लपत नाहीत, आणि ते चांगलंच आहे. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे फरक लपतात, तेच जास्त वाईट.

गोव्याच्या हवेचं एक वेगळं प्रकरण आहे. खारी हवा आणि चार महिने पाऊस. हबच्या तोंडावर गंजाची पापुद्री धरते, तिच्यावर चाक आवळलं की चाक तिरकं बसतं आणि पापुद्री पुढे चुरली की नट ढिले. तारेच्या ब्रशने दोन्ही तोंडं उघड्या लोखंडापर्यंत साफ करा. रंगाचंही तेच. हौसेने चाकाच्या बसणीवर, नटांच्या खळीत जाड ऑइलपेंट मारतात, जणू मखर सजवायचंय. तो रंग दाबाखाली बसतो आणि दाब गेला. बसणीच्या जागा रंगाविना ठेवा. पावसाळाभर एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर खाली चपटा पडतो. अशी गाडी काढल्याकाढल्या बॅलन्सिंगला नेऊ नका. टायर नीट असेल तर वीसेक किलोमीटर सावकाश चालवा, मग न्या. नक्षी कोरी दिसत असली तरी टायरचं वय त्याच्या बाजूवरच्या चार आकड्यांत बघा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल.

चाक काढण्याआधी जॅकवर वर-खाली धरून हलवून पाहा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खडखड गेली तर बेअरिंग सैल, राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. बेअरिंग सैल असताना बॅलन्सिंगला पैसे घालणं म्हणजे ढिल्या खुंट्यांचा तंबोरा सुरात लावणं.

आणि दुकानात गेल्यावर एक परीक्षा मागा. तोल झाला, शून्य आलं, की तिथल्या मुलाला म्हणा, "बाबा, चाक सैल कर, शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून परत आवळ आणि पुन्हा फिरव." दहा ग्रॅमच्या आत आलं तर बसणी बरोबर आहे. तीस-चाळीस ग्रॅम दाखवलं, तर चाक शाफ्टवरच नीट बसलेलं नाही आणि आधीचं शून्य कागदावरचं. तो थोडा वैतागेल. वैतागू द्या. बसणी ठीक असूनही थरथर राहिली, तर हब आणि ड्रमसकट गाडीवरच चाक फिरवून तोलण्याची जुनी पद्धत आहे. मात्र त्यानंतर चाक त्याच स्टडवर परत यायला हवं, म्हणून एका स्टडला आणि त्याच्या भोकाला रंगाचा ठिपका द्या.

आमच्या त्या मुलाने सगळी भंगारची चाकं टाकली. भोकं लांबट झालेलं चाक रिंग बसवून वाचवू नये, असं आमचं मत आहे, आणि त्यावर शेडमध्ये वादही झाला. भोकं धड असती तर लेथवर मध्याची रिंग कातून घेता आली असती. त्या हबचे दोन नव्हे, सगळेच स्टड बदलले, कारण दोन मोडायला आले तेव्हा उरलेल्यांनीही तेवढाच भार सोसला होता. मूळ मापाची चाकं मिळायला वेळ गेला, आषाढी हुकली. आई रागावली, आमच्यावरसुद्धा. कार्तिकीला गेले. निघताना चाकं समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्कपान्याने, पुस्तकातल्या आकड्याला आवळली होती. नव्याने लावलेलं चाक पन्नास ते शंभर किलोमीटरवर पुन्हा तपासायचं असतं, म्हणून चोर्ला चढून गेल्यावर जांबोटीला चहाला थांबून त्याने सगळे नट परत पाहिले. दोन नट पाव फेरा फिरले. तिथून फोन केला होता.

आज आमच्यासोबत कॅलिपर आणला आहे, डायल गेजही आहे. मंडळाच्या आवारात त्या मुलाची व्हॅन उभी आहे आणि त्याचं एक जुनं चाकही मुद्दाम आणलंय. आरतीनंतर ज्यांना ती लांबट भोकं हाताने चाचपून पाहायची असतील त्यांनी यावं. प्रसाद आधी घ्या, नंतर हात काळे होतील.